शाळा चार आहे

फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण माझे दोन्ही हात कणकेत होते. पलीकडे नवऱ्याच्या ऑफिसात नुकताच रुजू झालेला मुलगा. बायको आणि दीड वर्षाचं बाळ घेऊन शिकागोला येऊन त्याला जेमतेम महिना झालेला, आणि रोज संध्याकाळी घरं बघून दोघं पार दमलेली. आमच्या गावातलं एक टाऊनहाऊस त्यांना आवडलं होतं. "ताई, तुम्ही तिथे इतकी वर्षं आहात, म्हटलं तुम्हालाच विचारावं." मीही अगदी मन लावून सांगायला लागले. घरं जुनी आहेत पण दणकट आहेत, स्टेशन गाडीने पाच मिनिटांवर, बर्फ पडला तर पहाटेच रस्ते साफ केलेले असतात, लायब्ररी तर फारच छान. आणि मग कणकेवर तेलाचा हात फिरवता फिरवता म्हटलं, "फक्त हायस्कूल तेवढं चार आहे हो."

ओट्यासमोरच्या टेबलावर माझी लेक अभ्यास करत बसली होती. बारावीत आहे. त्याच हायस्कूलमध्ये. तिने एका कानातला इअरबड काढला, माझ्याकडे बघितलं आणि परत घातला.

झालं ते एवढंच.

ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. मग मीही काहीतरी सारवासारव केली असती, अगं त्यांना कळेल अशा भाषेत सांगितलं वगैरे, आणि विषय मिटला असता. पण ती जेवली, तिचं ताट उचलून ठेवलं, आणि वर खोलीत गेली. मी मात्र रात्री दिवा घालवल्यावरही तो इअरबड काढण्याचा क्षण पुन्हा पुन्हा बघत राहिले. मी तिच्या शाळेला चार म्हटलं, यापेक्षा ते किती सहज म्हटलं, हेच जास्त टोचत होतं.

इथल्या मराठी घरांत शाळेला विशेषण लावत नाहीत, आकडा सांगतात. "त्यांची शाळा नऊ आहे." "ती आधी आठ होती, आता सहावर आली म्हणे." ताप सांगावा तसं. एक ते दहामधला हा आकडा घरं दाखवणाऱ्या साइटवर फोटोंच्या नि किमतीच्या खाली एका छोट्या गोलात असतो. आपण स्वयंपाकघर मोठं आहे का, तळघर कोरडं आहे का हे बघायला जातो खरे, पण नजर आधी त्या गोलावर. त्या आकड्याला चिकटून घराची किंमत, किमतीला चिकटून मालमत्ता कर, आणि शाळेचा बराचसा पैसा त्या करातूनच येणार, म्हणून पुन्हा शाळा. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या एका गरीब वस्तीतल्या पालकांनी, हे असं चक्र आमच्या मुलांवर अन्याय करतं, म्हणून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण नेलं होतं. १९७३ साली ते हरले, पाच विरुद्ध चार मतांनी. शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं कोर्टाने ठरवलं. एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला असता तर आज मी फोनवर वेगळं काही बोलले असते का, कोण जाणे. बहुतेक नसते. आपली माणसं आकडा कुठूनही शोधून काढतात.

त्या रात्री झोप येईना म्हणून राज्य सरकारचं रिपोर्ट कार्ड उघडलं. इलिनॉयमधल्या प्रत्येक सरकारी शाळेचं असं कार्ड असतं, दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी नवं येतं. चार आला कुठून ते मला बघायचं होतं. एका पानावर परीक्षेतली कामगिरी, दुसऱ्या पानावर मुलं कोण आहेत ते. गोरी किती, काळी किती, हिस्पॅनिक किती, आशियाई किती. अल्प उत्पन्न गटातली किती. आमच्याकडे निम्म्याहून जास्त. इंग्रजी अजून शिकत असलेली किती. बेघर किती. हो, तोही रकाना आहे. मोटेलात, गाडीत किंवा घर गेलं म्हणून नातेवाइकांच्या हॉलमध्ये झोपणारं मूल कायद्याने बेघर धरतात. वर्षाच्या मध्येच आलेली-गेलेली किती. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडवलेली किती. मग मी शेजारच्या गावाचं कार्ड उघडलं, मग त्याच्या शेजारच्या. रात्री साडेबारापर्यंत हाच उद्योग. शेवटी शेवटी तर नुसतं दुसरं पान बघून पहिल्या पानावर काय असेल याचा अंदाज करायचा खेळच सुरू केला, आणि माझा अंदाज फारसा चुकत नव्हता. त्यासाठी कुठल्या शाळेतल्या एकाही शिक्षकाला भेटावं लागलं नाही.

यात मी नवं काही शोधलं असं नाही. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने सरकारला देशभरातल्या शाळांची पाहणी करायला सांगितलं होतं. जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने ती केली. सहा लाखांहून जास्त मुलं, सुमारे चार हजार शाळा. काळ्या मुलांच्या शाळांत प्रयोगशाळा नाहीत, पुस्तकं नाहीत, म्हणून गुण कमी, असं काहीतरी निघेल अशी बहुतेकांची अपेक्षा. १९६६च्या जुलैत अहवाल आला त्यात निघालं ते असं, की मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी आणि वर्गात आजूबाजूला कोण बसतं याच्याशी जास्त जुळतो. त्यावर तेव्हापासून वाद चालू आहेत, आणि चालू राहोत. पण 'शाळा नऊ आहे' असं म्हणताना आपण बरेचदा 'पालक नऊ आहेत' असं म्हणत असतो, हे एकदा लक्षात आलं की ते वाक्य तोंडातून सरळ निघत नाही. निदान निघू नये.

माझी लेक या सगळ्यात कुठे आहे ते बघावं म्हणून मागच्या वर्षीच्या अकरावीच्या निकालात आशियाई मुलांची ओळ शोधली. तिथे आकडाच नव्हता. एक तारका होती. एखाद्या गटात मुलं अगदीच कमी असली तर कोणाचे गुण कोणते ते ओळखू येईल, म्हणून आकडा झाकतात. दुसऱ्या दिवशी तिला ते दाखवलं, जरा दिलजमाई व्हावी म्हणूनही असेल. तिने स्क्रीनवर बघितलं. "म्हणजे मी त्या चारमध्ये नाहीये?" "आहेस. एकूणात धरतात. वेगळी दाखवत नाहीत फक्त." "ओके. म्हणजे मी स्टार आहे," असं म्हणून ती हसली आणि मीही हसले. पण मग तिनेच सांगितलं की त्या तारकेखाली तिच्याबरोबर कोण कोण आहे. एक बर्मी मुलगा आहे, थायलंडच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला, चौथीत असताना इथे आला. एक व्हिएतनामी मुलगी आहे, शनिवार-रविवार आईच्या नेल सलूनमध्ये गल्ल्यावर बसते. आणि ही, जिचे आई-बाप दोघंही पदव्युत्तर पदव्या घेऊन व्हिसावर आलेले. आशिया खंड मोठाच आहे म्हणा.

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक लांबलचक काळा फळा होता, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने शालान्त परीक्षेचे निकाल रंगवलेले. साल, बसलेले, उत्तीर्ण, शेकडा निकाल. दर जूनमध्ये पेंटर स्टुलावर चढून नवी ओळ लिहायचा आणि दोन दिवस व्हरांड्यात टर्पेंटाइनचा वास राहायचा. मला तो वास आवडायचा. 'बसलेले' या रकान्याकडे मात्र मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या रकान्यातच खरी मेख होती. नववीत जी मुलं कच्ची वाटायची त्यांना तिथेच गाळायचं, आणि ती फारच चिवट निघाली तर पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगायचं. म्हणजे मूल दहावीला बसणार, पण बाहेरून. पास झालं तर त्याचं नशीब, नापास झालं तरी शाळेच्या फळ्याला धक्का नाही.

माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिची आई चार घरची धुणीभांडी करायची आणि त्यातलं एक घर आमचं होतं. शाळेत आम्ही एका बाकावर. आमच्या घरी ती आईबरोबर आली की मागच्या मोरीपाशी उभी राहायची, आणि यात काही विचित्र आहे असं मला तेव्हा वाटलंही नव्हतं. पहिल्या तासाला तिला रोज उशीर व्हायचा, कारण आई आजारी असली की दोन घरची भांडी तीच उरकून यायची. गणित तिला माझ्यापेक्षा बरं यायचं, भूमिती तर नक्कीच. इंग्रजीत मात्र ती कायम काठावर. नववीच्या निकालाच्या दिवशी तिच्या वडिलांना ऑफिसात बोलावलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता, आणि तो खिशात ठेवावा की हातातच धरावा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. हिला बाहेरून बसवा, असं सांगितलं होतं. ती बसलीच नाही. पुढच्या वर्षी शाळेचा निकाल पहिल्यांदाच नव्वदीच्या वर गेला. वर्गावर्गात पेढे वाटले. मीही खाल्ला.

इथल्या हायस्कूलला सतरा नंबरचा फॉर्म नाही. अकरावीतल्या सगळ्यांना राज्याची परीक्षा द्यावीच लागते. काही वर्षं एसएटी होती, २०२५पासून एसीटी आहे, दोन्ही कॉलेजप्रवेशाला चालणाऱ्या परीक्षा. दोन वर्षांपूर्वी होंडुरासहून आलेला मुलगाही त्यात बसतो, रात्री गोदामात काम करून सकाळी बाकावर डोकं टेकणाराही बसतो. कागदपत्रं नसलेल्या मुलालाही शाळेत घ्यावंच लागतं, तसा निकाल १९८२ साली सुप्रीम कोर्टानेच दिलेला आहे. म्हणजे आमच्या चारमध्ये सगळे 'बसलेले' आहेत. पण हे म्हणताना मला जरा अभिमान वाटायला लागला, तेवढ्यात दुसरंही सुचलं. नऊच्या गावांना फॉर्म भरून घ्यायची गरजच कुठे आहे? तिथे ते काम घरांच्या किमती करतात. पालकांना ऑफिसात बोलवावं लागत नाही, कोणाच्या हातात घडी घातलेला कागद द्यावा लागत नाही. ती मुलं त्या गावात राहायलाच येत नाहीत.

सप्टेंबरात शाळेत पालकांची संध्याकाळ असते. मुलांचं वेळापत्रक हातात घेऊन आपण दहा-दहा मिनिटांचे तास करत वर्गावर्गात फिरायचं, मधे खरीखुरी घंटा. लेकीच्या कॅल्क्युलसच्या वर्गात मला बसायला जागा मिळाली नाही. बाप लोक भिंतीला टेकून उभे, एक जण वहीत टिपणं काढत होता, ग्रेडिंगबद्दल सहा प्रश्न आले. घंटा झाल्यावर मी व्यायामशाळा शोधत चुकीच्या वळणावर गेले, आणि एका उघड्या दारातून दिसलं, की आत फळ्यावर 'बीजगणित १, स्वागत' असं दोन भाषांत लिहिलेलं, पंचवीस-तीस बाकं, आणि एकच पालक. हॉटेलचा गणवेश, छातीवर नावाची पट्टी अजून तशीच, कानात दुभाष्याचा हेडफोन, मांडीवर झोपलेलं पोर. शिक्षक टेबलामागे उभे न राहता तिच्या समोरच्या बाकावर उलटे बसले होते, आणि जे तीस जणांना सांगायचं ठरवलं असेल ते सगळं, एकही पान न गाळता, त्या एकटीला सांगत होते. मी दारात दोन मिनिटं उभी राहिले. मग माझी घंटा झाली.

म्हणजे शाळा एकच, पण आत दोन आहेत, हे मला ठाऊक आहे. लेक ज्या वर्गांना जाते तिथली मुलं आणि व्हरांड्यात दिसणारी मुलं यांचं प्रमाण जुळत नाही, हेही मी बघते. ती एकत्र येतात ती बँडमध्ये, पोहण्याच्या तलावावर आणि जेवणाच्या सुट्टीत. जेवणाचं मात्र मला फार बरं वाटतं. गरिबीरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत घरचं उत्पन्न असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. पण काउंटरवर सगळेच आपापला पिन नंबर दाबतात, त्यामुळे कोणाच्या खात्यातून पैसे गेले आणि कोणाच्या नाही हे मागे उभ्या असलेल्याला कळत नाही. एकदा लेकीला विचारलं, तुझ्या टेबलावर कोणाला फुकट असतं? ती म्हणाली, "मला कसं माहीत असणार?" प्रश्न विचारल्याची मला लाज वाटली आणि उत्तराने बरं वाटलं.

आणखी एक. शिकागो शहरातल्या सरकारी शाळांचं नाव काढलं की उपनगरातले आम्ही सगळे डोळे मोठे करतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या मुलांच्या तिसरी ते आठवीच्या गुणांचा माग काढला, तेव्हा दिसलं की शिकागोची मुलं तिसरीत देशाच्या सरासरीच्या बरीच मागे असतात, पण पुढच्या पाच वर्षांत सहा वर्षांइतकं शिकतात. याउलट, मुलं आधीपासूनच पुढे असलेल्या कित्येक श्रीमंत गावांतली वाढ बेताचीच. २०१७ साली हे वर्तमानपत्रात आलं तेव्हा मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, "मग जायचं का शिकागोत राहायला?" दोघंही गप्प बसलो.

कारण खरं सांगायचं तर आम्ही या चारमध्ये तत्त्व म्हणून राहिलेलो नाही. २०१२ साली, घरांच्या किमती पडलेल्या असताना, जे परवडलं ते घेतलं. लेक सहावीत गेल्यावर दोनदा नऊच्या गावात घरं बघून आलो. एकदा बोलीही लावली होती, दुसऱ्या कोणीतरी जास्त लावली. मग व्याजदर चढले आणि विषय संपला. पण हल्ली कोणी विचारलं तर मी म्हणते, "नाही, आम्हाला मुलीला सगळ्या प्रकारच्या मुलांत वाढवायचं होतं." हे इतक्यांदा सांगून झालंय की मलाही ते बोली लावण्याच्या आधीचं वाटतं. आणि त्यात खोटं काही नाही, असंही वाटतं. ती त्या बर्मी मुलाबरोबर केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल करते. धाकट्या भावंडांना बसवर चढवून त्याला पहिल्या तासाला उशीर होतो, म्हणून निम्मी मांडणी ही आधीच करून ठेवते. ते सांगताना तिच्या आवाजात कसलं पुण्य केल्याचा भाव नसतो. वैताग असतो. एवढं मला चौदाव्या वर्षी जमलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी ते जोडपं घर बघायला आलं. मीच गाडीतून फिरवलं. लायब्ररी दाखवली, नदीकाठचा रस्ता दाखवला. लेकीला बँडच्या सरावावरून आणायचं होतं म्हणून शाळेच्या पार्किंगमध्ये थांबलो. ती मागे बाळाच्या खुर्चीशेजारी अंग चोरून बसली, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. बाळाने पेटीची कडी धरली ती सोडेना. थोड्या वेळाने त्या मुलाने आरशातून विचारलं, "कशी आहे गं शाळा?" मी स्टिअरिंग घट्ट धरलं. "चांगली आहे," ती म्हणाली, "केमिस्ट्रीच्या मिस खूप चांगल्या आहेत. बाथरूम्स घाण असतात." मग बाळाकडे बघून, "याला अजून तेरा वर्षं आहेत ना?" सगळे हसले. मुलाची बायको जरा उशिरा हसली.

त्यांनी आमच्या गावात घर घेतलं नाही. कारण सांगितलं ते पार्किंगचं. मी फार विचारलं नाही. काल वास्तुशांतीचं आमंत्रण आलं, खाली पत्ता. लेक शेजारी बसली होती तरी मी तो पत्ता कॉपी केला, साइट उघडली, आणि फोटोंवरून भराभर बोट फिरवत खाली गेले.

"किती?" तिने विचारलं.

आठ. मागच्या वर्षी नऊ होता.